बावन्न-चौतीस फवारलं आणि मोहोर आला: एका प्रतिक्रियेला उत्तर

फुलोऱ्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जास्त स्फुरदाच्या खतांनी फुलं येत नाहीत असं मी लिहिलं, ते एका वाचकांना पटलेलं नाही. (खताच्या पोत्यावरचे तीन आकडे म्हणजे ओळीनं नत्र, स्फुरद आणि पालाश, अर्थात नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम.) त्यांच्या लांब प्रतिक्रियेचा गाभा असा: "माझं कलमी आंब्याचं झाड दोन वर्षांपूर्वी फळांनी वाकलं होतं. गेल्या वर्षी एक तुरा नाही. या वर्षी थंडी पडायला लागल्यावर ०-५२-३४ दोनदा फवारलं आणि तीन आठवड्यांत झाड मोहोरलं. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं? स्फुरद फुलांना लागतो हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पोटॅशियम नायट्रेटनं आंबा फुलतो हे तुम्हीही नाकारणार नाही. मग खतानं फुलं येत नाहीत असं कशाच्या जोरावर म्हणता? आणि खत नको तर करायचं काय, ते सांगा."

डोळ्यांनी पाहिलेलं खोटं नाही. मोहोर आला आणि तो फवारणीनंतर आला, दोन्ही मान्य. पण तुमच्या याच चार ओळींत मोहोराची आणखी दोन कारणं बसलेली आहेत आणि दोन्ही स्फुरदापेक्षा वजनदार आहेत. पहिलं म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा भार. ज्या वर्षी झाड फळांनी लदतं त्या वर्षी नवी पालवी कमी आणि उशिरा येते, काड्यांमधला पिष्टसाठा फळांत जातो, आणि पुढच्या हंगामात झाड रुसतं. त्या रिकाम्या वर्षात ते भरपूर पालवी फोडतं, पालवी वेळेत जून होते, साठा भरतो. त्यानंतरचं वर्ष भरघोस मोहोराचंच असतं, फवारा किंवा फवारू नका. दुसरं म्हणजे थंडी. रात्री १५ अंशांच्या आसपास उतरल्या आणि काडी चार-पाच महिन्यांची जून असली, की आंब्याच्या शेंड्याच्या डोळ्यातून पालवीऐवजी तुरा निघतो. थंडी पडायला लागल्यावर फवारलं असं तुम्हीच लिहिता. डोळा फुगल्यापासून तुरा नजरेत भरायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, म्हणजे तुमचा पंप सुरू झाला तेव्हा झाड कामाला लागलेलंच होतं.

सफरचंदात हे आणखी स्वच्छ दिसतं. तिथे वसंतात उमलणारी फुलं आदल्या उन्हाळ्यातच डोळ्यांत तयार होतात, तेही झाडावर त्या वर्षीची फळं लहान असताना. कोवळ्या फळांतल्या बियांमधून जिबरेलिन नावाचं संजीवक बाहेर पडतं आणि ते शेजारच्या डोळ्याला फुलाकडे वळू देत नाही. म्हणून फुलोऱ्याच्या तोंडावर कोणी कितीही स्फुरद मारला तरी फुलांची संख्या बदलत नाही. ती आठ-नऊ महिन्यांपूर्वीच ठरलेली असते. तिथे उपाय विरळणीचा: फुलोऱ्यानंतर चार ते सहा आठवड्यांच्या आत दर १५ ते २० सेंटीमीटरला एकच फळ ठेवायचं, बाकीची खुडायची. उशिरा केलेल्या विरळणीनं फळ थोडं मोठं होतं, पण पुढच्या वर्षीच्या फुलांना तिचा उपयोग नाही.

आता पोटॅशियम नायट्रेट. तुमच्या प्रतिक्रियेतला हाच सगळ्यात दमदार मुद्दा आहे, आणि नेमका तोच तुमच्या विरुद्ध जातो. १९७० च्या दशकात फिलिपिन्समध्ये रामोन बार्बा यांनी दाखवून दिलं की पोटॅशियम नायट्रेटच्या फवारणीनं आंबा फुलवता येतो, आणि उष्ण कटिबंधात १ ते ४ टक्के द्रावण आजही वापरतात. पण या खताच्या पोत्यावरचे आकडे बघा: १३-०-४५. मधला आकडा शून्य. म्हणजे आंब्याच्या मोहोरासाठी ज्याचा खरोखर दाखला आहे त्या खतात स्फुरदाचा कणही नाही. बरं, श्रेय पालाशचं म्हणावं तर अमोनियम नायट्रेटनंही तोच परिणाम मिळतो, आणि त्यात पालाश नाही. काम नायट्रेटचं आहे, आणि ते अन्न म्हणून नव्हे तर झोपलेल्या डोळ्याला उठवणारी थाप म्हणून. काडी कोवळी असेल तर ही थाप वाया जाते, नाहीतर मोहोराऐवजी पालवी उठते. लाँगनचं, म्हणजे लिचीच्या कुळातल्या एका फळाचं झाड पोटॅशियम क्लोरेटनं फुलतं. क्लोरेट तर कुठल्याच झाडाचं अन्न नाही, उलट मुळांना विषारी आणि हाताळायला स्फोटक. फुलं आणणारी प्रत्येक वस्तू खत नसते आणि फुलांचं चित्र छापलेलं प्रत्येक खत फुलं आणत नाही.

स्फुरद फुलांना लागतो, यात वाद नाही. तो मुळांना, पानांना, बियांना, पेशींच्या रोजच्या ऊर्जेच्या व्यवहारालाही लागतो. स्फुरदाची उपासमार असलेलं झाड कमी फुलतं आणि कमतरता भरून काढली की सुधारतं. गफलत पुढच्या उडीत आहे: कमी होता तेव्हा घालून फायदा झाला, म्हणून पुरेसा असताना आणखी घातला तर आणखी फायदा होईल. तसं होत नाही.

किती लागतो ते मोजूनच पाहू. संत्र्याच्या निरोगी पानात, कोरड्या वजनावर, नत्र साधारण २.६ टक्के, स्फुरद ०.१४ आणि पालाश १.४ टक्के असतो. खताच्या पिशवीवर स्फुरद आणि पालाश ऑक्साइडच्या रूपात मोजून छापतात, म्हणून पानातले आकडेही तसे करून घेऊ. प्रमाण येतं सुमारे ८:१:५. फुलोऱ्याचं म्हणून मिळणारं १०-५२-१० हे खत १:५:१ आहे. झाडाच्या गरजेची ही उलटी वही झाली. फळांतूनही फार जात नाही: १०० किलो संत्री तोडली तर त्यांच्याबरोबर जेमतेम २० ग्रॅम स्फुरद झाडाबाहेर जातो. झाडाखालच्या १० चौरस मीटर जागेत वरच्या १५ सेंटीमीटर थराची माती भरते दोन टनांच्या आसपास. परीक्षणात उपलब्ध स्फुरद २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) आला तर त्या थरात ४० ग्रॅम तयार पडलेला असतो, आणि झाड उचलेल तसा मातीतल्या साठ्यातून तो भरून निघत राहतो.

म्हणून माझा आग्रह खत नको असा नाही, आधी माती तपासा असा आहे. चुनखडीच्या, विम्लधर्मी मातीसाठी ऑल्सेन पद्धत आणि आम्ल मातीसाठी ब्रे पद्धत वापरतात. अहवालात पद्धतीचं नाव नसेल तर नुसत्या आकड्याला अर्थ नाही. ऑल्सेननं १० पीपीएमच्या खाली आला तर स्फुरद जरूर द्या. २५ च्या वर असेल तर काही वर्षं विसरा. वर्षानुवर्षं शेणखत, विशेषतः कोंबडीखत पडलेल्या जागेत आकडा बहुधा वरच निघतो. पान तपासायचं असेल तर संत्रावर्गात वसंतातल्या पालवीचं, चार ते सहा महिन्यांचं आणि फळ नसलेल्या काडीवरचं पान घ्या. फळामागचं पान घेतलं तर आकडे फसवतात. खरी कमतरता डोळ्यांना अशी दिसते: जुनी पानं निस्तेज, तांबूस किंवा जांभळट, लवकर गळणारी, संत्र्याची साल जाड, खरखरीत आणि गाभा पोकळ.

द्यायचाच ठरला तर मातीतून द्या. स्फुरद मातीत जागचा हलत नाही. वरून भुरभुरला तर मातीच्या वरच्या दोन बोटं थरातच अडकतो. चुनखडीत कॅल्शियम धरून ठेवतं, आम्ल मातीत लोह आणि ॲल्युमिनियम. फांद्यांच्या घेराखाली उथळ चर काढून कुजलेल्या खतात मिसळून गाडा, मुळं तुटणार नाहीत इतपतच खोल. हाडांचा चुरा फक्त आम्ल मातीत विरघळतो. सामू (पीएच) ७ च्या वर असेल तर तो तसाच पडून राहतो. कोकोपीटमधली, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशातली कुंडीतली झाडं मात्र वेगळी. त्या माध्यमात मुळात साठाच नसतो, तिथे पाण्यातून थोडा-थोडा स्फुरद नेमानं द्यावाच लागतो, पण तोही नत्राच्या वरचढ नको.

"फुकट गेलं तर गेलं, नुकसान काय?" हा पुढचा प्रश्न मला आताच ऐकू येतोय. नुकसान आहे. मातीत स्फुरद साचला की झाडाला जस्त आणि लोह मिळेनासं होतं: शेंड्याची पानं बारीक, अरुंद, शिरांमधून पिवळी आणि पेरं आखडलेली. जस्त कमी पडलं की फुलोराही घटतो, म्हणजे ज्यासाठी खत घातलं तेच हातचं जातं. मुळांवर राहून स्फुरद शोधून आणणारी मायकोरायझा बुरशीही आयतं मिळतंय म्हटल्यावर मागे हटते. जस्त फवारायचं झालं तर झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि विझवलेला चुना अडीच ग्रॅम, दर लिटरला, आणि हे द्रावण ०-५२-३४ मध्ये कधीही मिसळू नका, जस्ताचा साका बसतो. कॅल्शियम नायट्रेटबरोबरही तेच: टाकीत दूध फाटल्यासारखं होतं आणि नोझल, ठिबकच्या तोट्या बंद. आणखी एक सावधगिरी, लेबलवर फॉस्फेटच आहे की फॉस्फाईट ते वाचा. फॉस्फाईट हे मुळं आणि बुंधा कुजवणाऱ्या फायटोफ्थोरा रोगावरचं औषध आहे. झाडाला त्यातून स्फुरदाचं पोषण मिळत नाही.

तुमच्या फवारणीचा खरोखर उपयोग झाला का हे पाहायचं असेल तर एका झाडावर कळणार नाही. एकाच जातीची, एकाच वयाची आणि गेल्या वर्षी सारखाच भार असलेली सहा-आठ झाडं घ्या. एकाआड एक झाडावर खताचं द्रावण, उरलेल्यांवर तेवढंच साधं पाणी, त्याच चिकट द्रव्यासह. प्रत्येक झाडावर चारही दिशांना मिळून ४० काड्यांना फवारणीच्या आधीच दोरा बांधा, मागाहून निवडू नका, कारण मागाहून हात आपोआप मोहोरलेल्या काडीकडेच जातो. दोन हंगाम मोजा. एकाच झाडाच्या दोन बाजू घेऊन तुलना टाळा. उन्हाची बाजू आधीच जास्त मोहोरते.

आता, करायचं काय. न फुलणाऱ्या झाडापाशी गेल्यावर पहिला प्रश्न: ते कलम आहे की रोप? बियांपासून वाढलेला आंबा पाच-सात वर्षं, संत्रावर्गातलं झाड त्याहून जास्त काळही फुलत नाही, आणि बाल्यावस्था खतानं आटोपती घेता येत नाही. कलम असेल तर जोडाच्या खाली बघा. कधी कधी कलमकाडी मरून खुंटच, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं तेच, झाड होऊन बसलेला असतो, आणि मालक वर्षानुवर्षं खुंटाला खत घालत असतो. संत्र्याच्या झाडाला तीन-तीन पर्णिकांची पानं दिसली तर तो खुंटच, संशयाला जागाच नाही. मग ऊन. फांदीला भर उन्हाच्या निदान एक तृतीयांश उजेड मिळत नसेल तर तिथे फुलांचे डोळे तयार होत नाहीत. घेर दाट असेल तर आतल्या दोन-तीन फांद्या बुडातून काढा. वरून सगळीकडे कात्री फिरवू नका, त्यानं नुसता झाडू फुटतो. छाटणीची वेळही चुकते: पीच, सफरचंदासारख्या झाडांचे तयार डोळे हिवाळ्यातल्या आंधळ्या छाटणीत कापून टाकले जातात, आणि आंब्याची छाटणी उशिरा झाली तर नवी पालवी थंडीपर्यंत जून होत नाही.

त्यानंतर नत्र आणि पाणी. हिरवंगार, सतत पालवी फोडणारं, फूल न देणारं झाड बहुतेक वेळा उपाशी नसतं, खाऊन माजलेलं असतं. शेजारच्या हिरवळीला घातलेला युरियाही त्याच्या मुळांना पोचतो. मोहोराच्या आधीचे दोन-तीन महिने आंब्याला नत्र बंद आणि पाणी कमी. लिंबूवर्गात तर पाण्याचा ताण हीच किल्ली आहे. इटलीतल्या सिसिली बेटावरचे लिंबू बागायतदार भर उन्हाळ्यात पाणी तोडून झाड कोमेजू देतात, मग भरपूर पाणी देऊन अवेळी फुलोरा घेतात. त्या पाण्याबरोबर ते देतात नत्र. ताण द्यायचा तो पान मुरगळून सकाळीही सरळ होत नाही इथवरच. पानगळ निम्म्यावर गेली तर फळ धरायला पानंच उरत नाहीत. हलक्या जमिनीत ही अवस्था दोन-तीन आठवड्यांत येते, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिनेही लागतात.

फुलं येऊन गळत असतील तर तो फुलोऱ्याचा प्रश्नच नव्हे. तिथे भुरी, तुडतुडे, मधमाश्यांचा अभाव किंवा बोरॉनची कमतरता शोधा.

तुमच्या झाडापुरतं सांगायचं तर या वर्षी ते भरून आलंय, म्हणजे पुढचं वर्ष पुन्हा कोरडं जाण्याचीच शक्यता जास्त. ते टाळायचं काम फवारणीच्या पंपाचं नाही, या उन्हाळ्यातलं आहे. वाटाण्याएवढी फळं झाली की एका तुऱ्यावर एक-दोनच ठेवा. शेवटचं फळ उतरल्यावर दोन आठवड्यांच्या आत वाळके तुरे काढून प्रत्येक काडीचा वरचा १० ते १५ सेंटीमीटर शेंडा छाटा आणि वर्षाचं नत्र तेव्हाच द्या, नंतर नाही. पालवी आली की त्या तारखेला काही काड्यांना दोरा बांधून ठेवा. थंडी पडेल तेव्हा त्या किती महिन्यांच्या झाल्यात ते मोजा, आणि त्यांच्यावर तुरे आले की पालवी, ते इथे लिहा.