टणटणीला 31 मार्च कळत नाही

ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलात माजलेल्या टणटणीचा (घाणेरी, म्हणजे लँटाना या परदेशी झुडपाचा) विषय निघाला की ठाण्यात दोन सूर लागतात. एक म्हणतो, कॉलेजची पोरं बोलवा, रविवारी श्रमदान करू. दुसरा म्हणतो, ठेकेदाराला द्या, आठवड्यात साफ. शिकागोतून हे ऐकताना तिसरा मार्ग राहून राहून डोळ्यांपुढे येतो, कारण इथल्या जंगलात घुसलेल्या बकथॉर्न या युरोपी झुडपाशी झुंजण्यात पगारी तरुणांच्या तुकड्यांचा मोठा हात आहे.

श्रमदान कुठे फसतं ते टणटणीच्या बुंध्याशी वाकून बघावं. कोयत्यानं वरवर छाटली की महिन्या-दोन महिन्यांत एका खोडाच्या जागी धुमाऱ्यांचा झुबका उभा. दिल्लीचे वनस्पतिशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांची पद्धत वेगळी आहे. बुंध्याभोवतीची माती कुदळीनं सारायची, खोड संपून मूळ सुरू होतं त्या सांध्याच्या 3 ते 5 सेंटिमीटर खाली सोटमूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे, वाळत टाकायचं. सांध्याचा भाग मातीला टेकला तर ते परत धरतं. हे सगळं फळं हिरवी असतानाच उरकायचं. काळी झाली की बुलबुल बी घेऊन पुढच्या टेकाडावर पोचलेला असतो. जेसीबीचं तर नावच नको. माती उलथली की दडलेलं बी वर येतं, आणि उघडा पडलेला उतार पावसात वाहून जातो.

खरं काम पुढेच असतं. पहिल्या पावसानंतर त्याच जागी, विशेषतः पक्षी बसतात त्या झाडांखाली, टणटणीची रोपं दाट उगवतात. तेव्हा ती चिमटीनं निघतात. दोन वर्षांनी पहार लागते. मोकळ्या जागी स्थानिक गवताचं बी टाकलं नाही तर रानमोडी हे दुसरं तण येऊन बसतं. म्हणजे जमिनीच्या एका तुकड्यावर किमान तीन पावसाळे लक्ष हवं. निधी मात्र 31 मार्चला संपतो, रोपं जुलैत येतात!

पैसा नाही असं नाही. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्या प्रशिक्षणार्थीला महिना 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये विद्यावेतन थेट खात्यात मिळतं. मुदत आधी 6 महिने होती, मग 11 झाली. हे 11 महिने सप्टेंबरात सुरू केले तर शेवटचे जून-जुलै नेमके रोपं उपटायला मिळतात. जानेवारीत भरती केली तर फळं निसटलेली असतात, आणि उन्हाळ्यात दगडासारख्या जमिनीत पोरं घाम गाळतात.

विद्यावेतनातून कुदळ येत नाही. दहा जणांच्या तुकडीला सहा कुदळी, दोन पहारी, चार कोयते, माणशी चामडी हातमोज्यांचे दोन जोड (टणटणीच्या काट्यांनी पहिला जोड लवकरच फाटतो), प्रथमोपचाराची पेटी आणि मुख्य म्हणजे पूर्णवेळ मुकादम हवा. हा खर्च ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) निघू शकतो. 2021 पासूनच्या नियमांत चालू प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालवता येतो. तीन पावसाळे बसतात की! पण कंपन्यांना रोप लावतानाचा फोटो हवा असतो, उपटतानाचा नाही.

अमेरिकेचं सगळंच उचलावं असं मुळीच नाही. इथे बकथॉर्न कापून बुंध्यावर लगेच ट्रायक्लोपायर हे तणनाशक लावतात. त्यात रंग मिसळलेला असतो, कुठला बुंधा राहिला ते दिसावं म्हणून. ते येऊरच्या ओढ्यांकाठी कोणी सुचवू नये. घेण्यासारखी आहे ती पब्लिक लँड्स कोअरची, म्हणजे सरकारी जमिनींवर काम करणाऱ्या तरुणांच्या तुकड्यांच्या योजनेची रचना. वय 16 ते 30, खर्चाचा 25 टक्के वाटा अमेरिकी केंद्र सरकारबाहेरून, आणि 640 तास पुरे केले की दोन वर्षं तिथल्या केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत खुल्या स्पर्धेविना भरतीची वाट. पोरं टिकतात ती यामुळे. तेवढाच धडा उलट बाजूचाही आहे. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकॉर्प्स या तिथल्या सरकारी सेवा-संस्थेची सुमारे 40 कोटी डॉलरची अनुदानं एका फटक्यात रद्द झाली आणि देशभर हंगाम अर्धे राहिले. एकाच नळाला तोंड लावून बसलेल्यांचे हाल झाले. ठाण्यात विद्यावेतन सरकारचं आणि अवजारं-मुकादम सीएसआरचे असं वाटून घेतलं तर एक नळ आटला तरी दुसऱ्यावर तुकडी काही महिने तग धरेल.

परवानगी हा वेगळा विषय. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं; त्या हद्दीत वनखात्याच्या लेखी आदेशाशिवाय कुदळही लावू नये. शिवाय बिबट्याचा वावर आहे, तेव्हा काम सकाळी साडेसात ते साडेअकरा, कुणी एकट्यानं झुडपात शिरायचं नाही, आणि सगळं रान एकदम उघडं करायचं नाही.

एक अडचण मात्र योजनेतच आहे. बारावीची अट. येऊरच्या पाड्यांवरचा नववी सोडलेला वारली मुलगा, ज्याला कुठल्या झाडाखाली टणटणी आधी येते ते तोंडपाठ असतं, तो या यादीत बसत नाही. त्याला मुकादम नेमून सीएसआरमधून पगार द्यावा, पदवीधरांच्या 10,000 पेक्षा जास्त.