कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे: 'जुना ड्रायव्हर' यांना उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया झोंबणारी आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: गाडीचा चेक लाईट लागला, माझा लेख वाचून यांच्या मुलानं आठशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर आणला, ॲपनं पी०१७१ हा बिघाडाचा कोड दाखवला, म्हणजे 'सिस्टम टू लीन', हवेच्या मानानं पेट्रोल कमी. गॅरेजवाल्यानं मॅफ सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) धुतला, ऑक्सिजन सेन्सर बदलला, कोड उडवला. साडेचार हजार गेले आणि आठवड्याभरात लाईट परत हजर. 'जुने मेकॅनिक नुसत्या आवाजावरून सांगायचे, तुमच्यासारख्यांमुळे घरोघरी अर्धे मेकॅनिक झालेत,' असं तुमचं म्हणणं.

घरोघरी अर्धे मेकॅनिक झालेत, मान्य. पण तुमचा सेन्सर मुलानं नाही, पुऱ्या मेकॅनिकनं बदललाय.

पी०१७१ ऑक्सिजन सेन्सरबद्दल काहीच बोलत नाही. साध्या पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल असं वजनाचं प्रमाण लागतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर 'मिक्स्चर लीन आहे' म्हणाला की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. याला फ्युएल ट्रिम म्हणतात. वाढवता वाढवता मर्यादा आली आणि पुढच्या फेरीतही तेच दिसलं, की लाईट लागतो. म्हणजे हवा जास्त येतेय किंवा पेट्रोल कमी पडतंय, एवढीच ती तक्रार. बहुतेक वेळा सेन्सर खरंच सांगत असतो. थर्मामीटर बदलून ताप उतरत नाही. शिवाय बदलण्याआधी सेन्सर तपासता येतो: साध्या प्रकारचा असेल तर गरम इंजिनवर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर खालीवर होतो. तो नाचत असेल तर सेन्सर जिवंत आहे.

मग आठवडाभर लाईट गेला कसा? कोड उडवला की बहुतेक गाड्यांत ईसीयूनं शिकलेला ट्रिमही शून्यावर येतो. तो पुन्हा शिकून मर्यादेपर्यंत पोचायला काही दिवस जातात. त्या दिवसांचं श्रेय नव्या सेन्सरला मिळालं. त्याहून वाईट म्हणजे फ्रीझ फ्रेमही पुसली गेली. कोड पडला त्या क्षणी आरपीएम किती, इंजिन किती गरम, लोड किती, ही नोंद त्यात असते. गाडी ट्रॅफिकमध्ये उभी होती की घाट चढत होती, हे त्यावरून कळलं असतं. ती वाचायच्या आत कोड उडवणं हा आपल्याकडच्या गॅरेजचा सर्वात महाग रोग आहे, आणि त्याला स्कॅनर जबाबदार नाही.

आता लाईट परत लागलाच आहे तर उडवू नका. इंजिन गरम करा, ॲपमध्ये लाईव्ह डेटा उघडा, शॉर्ट टर्म (त्या क्षणीचा) आणि लाँग टर्म (शिकून साठवलेला) ट्रिमची बेरीज बघा. आधी आयडलिंगला (रेस न देता), मग २५०० आरपीएम धरून. समजा आयडलला +२२ टक्के आणि रेस दिल्यावर +५ टक्के आलं, तर मॅफच्या पुढे कुठूनतरी चोरटी हवा आत जातेय. आयडलला एकूण हवाच कमी, म्हणून गळती तिथे मोठी दिसते. उलट आयडलला ठीक आणि चढावर, लोडवर ट्रिम वाढत गेला, तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा खुद्द मॅफवर संशय घ्या. (मॅफऐवजी हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर असलेल्या गाड्यांना हे गणित लावू नका. तिथे गळती झाली तर बहुधा आयडलच वाढतो. आणि ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळे जुन्या गाडीचा ट्रिम थोडा वर असतोच, पण सगळ्या आरपीएमला जवळपास सारखा.)

असंच एका गाडीवर आम्ही बघत होतो. आयडलला ट्रिम खूप वर, रेस दिली की खाली. मेकॅनिकनं बॉनेटवर वाकून कान दिला, म्हणाला, 'सूं येतंय.' पीसीव्हीचा (इंजिनातली वाफ परत आत ओढून घेणारा) रबरी पाइप वरून नवाकोरा दिसत होता. खालच्या वळणावर, जिथे तेलानं रबर फुगून मऊ पडलं होतं, तिथे चीर होती. त्यानं अंगठ्यानं चीर दाबून धरली आणि मोबाईलवरचा शॉर्ट टर्मचा आकडा झरझर उतरला. अंगठा काढला, पुन्हा वर. एवढा पुरावा मिळाल्यावर पार्ट घ्यायला जावं.

तेव्हा कानाला मी कमी लेखत नाही. क्लच, बेअरिंग, टॅपेटचा आवाज यातलं स्कॅनरला काही कळत नाही. कोड देणारी ही यंत्रणा मुळात धुरावर लक्ष ठेवायला आली: कॅलिफोर्नियात १९८८ च्या मॉडेलपासून, अमेरिकाभर सारख्या रूपात १९९६ पासून, आपल्याकडे बीएस४ या प्रदूषण नियमांसोबत २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत. पण 'मिक्स्चर किती टक्के लीन' हे कुठल्याही कानाला सांगता येणार नाही.

दोन्ही रीडिंग आणि नवी फ्रीझ फ्रेम इथेच टाका, मग पुढचं बोलू. आणि मुलाला सांगा, काम झालं की स्कॅनर काढून ठेव. तो लावतात त्या सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला चावी बंद असली तरी बॅटरीचा करंट असतो.