एका वहीत सगळे स्कॉटलंड मावत नाही

वंशावळी शोधणाऱ्यांमध्ये एक मजकूर सतत पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: स्कॉटलंडमध्ये १५५३पासून प्रत्येकाचा जन्म, विवाह आणि मृत्यू चर्चच्या नोंदवहीत लिहिलेला आहे, या वह्या आता इंटरनेटवर आहेत, तेव्हा नाव टाकले की सात-आठ पिढ्या हाती येतात, आणि नाव निघाले नाही तर पूर्वज स्कॉटिश असल्याची घरातली कथा खोटी समजावी. यातला वह्या इंटरनेटवर असल्याचा भाग खरा आहे. बाकीच्या विधानांचा एकेक करून समाचार घ्यावा लागेल.

पहिले विधान १५५३चे. हे साल पर्थशरमधील एरल या एका पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील परिसराच्या, वहीचे आहे. आज उपलब्ध असलेल्या वह्यांत ती सर्वांत जुनी, आणि तिची सुरुवात तर स्कॉटलंडमधील १५६०च्या धर्मसुधारणेच्याही आधीची. सुमारे नऊशे पॅरिशांच्या साडेतीन हजारांच्या आसपास वह्या आज टिकून आहेत, परंतु त्या एकाच वेळी सुरू झालेल्या नाहीत. सखल प्रदेशातील कित्येक वह्या सतराव्या शतकात सुरू होतात, तर डोंगराळ उत्तरेत आणि पश्चिमेकडील बेटांवर अनेक ठिकाणी एकोणिसावे शतक उजाडल्यावरच पहिली नोंद दिसते. मध्येच वर्षानुवर्षांचे खंड पडलेले असतात, ते वेगळेच.

‘प्रत्येकाची नोंद’ हे विधान तर मुळातच टिकत नाही. या वह्या चर्च ऑफ स्कॉटलंड या अधिकृत चर्चच्या होत्या. १७३३मध्ये आणि पुन्हा १७६१मध्ये त्यातून गट फुटून निघाले; १८४३च्या मोठ्या फुटीत साडेचारशेहून अधिक धर्मोपदेशक बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केले. मुंबईत १८२९मध्ये आलेले, विल्सन कॉलेजला ज्यांचे नाव आहे ते जॉन विल्सन हेही त्या वेळी फ्री चर्चमध्येच गेले. या गटांच्या, तसेच कॅथलिक आणि एपिस्कोपल (बिशपांची सत्ता मानणाऱ्या प्रोटेस्टंट) मंडळींच्या नोंदी बहुतांशी त्यांच्या त्यांच्या वह्यांत असतात. शिवाय नोंदीसाठी पैसे पडत. १७८३ ते १७९४ या काळात सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर बसवला, आणि ज्यांना तो जड वाटला त्यांनी नोंद करण्याचेच टाळले.

तिसरे विधान जन्म, विवाह आणि मृत्यू या तिन्हींचे. वहीत प्रामुख्याने बाप्तिस्मा, विवाहाची पूर्वघोषणा आणि दफन यांच्या नोंदी असत. बाप्तिस्म्याबरोबर जन्मतारीख अनेकदा दिलेली असते, नेहमी नाही. दफनाच्या नोंदी पुष्कळ पॅरिशांनी ठेवल्याच नाहीत. शवपेटीवर पांघरायचे कापड पॅरिशकडून भाड्याने मिळे आणि त्या भाड्याची जमा हाच काही मृत्यूंचा एकमेव लेखी माग उरतो. वधू-वर वेगवेगळ्या पॅरिशांतले असतील तर घोषणा दोन्हीकडे होई आणि तारखाही वेगळ्या पडत. पण घोषणा झाली म्हणजे विवाह झालाच, असे त्यावरून म्हणता येत नाही.

उलट, घोषणा न होताही विवाह होत असे. स्कॉटिश कायद्यानुसार दोघांनी एकमेकांचा पती-पत्नी म्हणून स्वीकार केल्याचे सांगितले की विवाह वैध ठरे, धर्मोपदेशकाची गरज नसे. ही पद्धत १९४०पर्यंत चालू होती. चर्चला ती खपत नसे. कवी रॉबर्ट बर्न्स आणि जीन आर्मर ५ ऑगस्ट १७८८ रोजी मॉखलिनच्या ‘कर्क सेशन’पुढे, म्हणजे पॅरिशच्या शिस्त पाहणाऱ्या पंचमंडळापुढे, हजर राहिले, आपला अनियमित विवाह त्यांनी कबूल केला आणि खेद व्यक्त केला. सेशनने त्यांना समज दिली, जन्मभर एकमेकांशी पती-पत्नी म्हणून बांधून राहण्यास सांगितले आणि दंडाची रक्कम बर्न्सच्या औदार्यावर सोपवली. त्याने गरिबांसाठी एक गिनी दिली. हे सारे सेशनच्या इतिवृत्तात आहे. माझ्या मते स्कॉटिश पूर्वज शोधणाऱ्याने सर्वांत आधी ओळख करून घ्यावी ती या इतिवृत्तांशी, कारण विवाहबाह्य मुलाचा पिता कोण, मदत कोणाला मिळाली, कोण कोठून राहायला आले, हे तिथे उघडपणे लिहिलेले असते. २०२१पासून त्यांची पाने ‘स्कॉटलंड्स पीपल’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. पण नावांची सूची बहुतांशी नसल्यामुळे पाने चाळण्यावाचून गत्यंतर नाही.

नाव टाकून मिळणाऱ्या उत्तराबद्दल थोडक्यात. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवण्याची रीत तिकडे रूढ होती, त्यामुळे एकाच पॅरिशमध्ये एकाच वयाचे, एकाच नावाचे चुलतभाऊ सहज आढळतात. आडनावाचे स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून असे, आणि ‘मॅक’ कधी दोन अक्षरांनी (Mc), कधी तीन अक्षरांनी (Mac) लिहिला जाई. त्यावरून आयरिश की स्कॉटिश हे ठरवणे निराधार आहे. सुदैवाने बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव बऱ्याचदा दिलेले असते, आणि ते जुळल्याशिवाय सापडलेली नोंद आपली मानू नये.

राहिला शेवटचा निष्कर्ष: नाव नाही, म्हणून पूर्वज स्कॉटिश नाहीत. वर सांगितलेल्या कारणांपैकी कोणतेही एक कारण लागू पडले तरी तो कोसळतो. १ जानेवारी १८५५ रोजी स्कॉटलंडमध्ये सक्तीची सरकारी नोंदणी सुरू झाली, आणि शोध खरे तर तिथूनच मागे न्यायचा असतो. त्या नोंदणीतील मृत्यूच्या दाखल्यात मृताच्या आई-वडिलांची नावे असतात. म्हणजे १८६०मध्ये ऐंशीव्या वर्षी वारलेल्या व्यक्तीच्या दाखल्यावरून अठराव्या शतकातली पिढी कळू शकते, मग तिचा बाप्तिस्मा कोणत्याही वहीत नसला तरी. अर्थात माहिती देणाऱ्या नातेवाइकाला जेवढे ठाऊक तेवढेच दाखल्यात उतरते. खुद्द १८५५ या एका वर्षाच्या नोंदी तर विलक्षण तपशीलवार आहेत: मृताच्या मुलांची नावे आणि वयेसुद्धा त्यांत विचारली होती, पुढल्या वर्षी हे रकाने कमी झाले.

पूर्वज कंपनीच्या फौजेत किंवा व्यापारात असेल आणि मुले मुंबई किंवा पुण्यात जन्मली असतील, तर ती स्कॉटलंडच्या पॅरिशच्या वहीत सापडण्याची अपेक्षाच चुकीची आहे. मुंबई इलाख्यातील चर्चमधून लंडनला पाठवलेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत, आणि अशा कुटुंबाचा माग तिथे आधी काढावा लागतो.