मिठाने किरणोत्सर्ग अडत नाही

‘दहशतवाद्यांनी डर्टी बॉम्ब फोडला तर मानेला बीटाडीन लावा, आयोडीनचं मीठ भरपूर खा, ताबडतोब शहर सोडा, बाधितांच्या जवळ जाऊ नका.’ हा मेसेज कौटुंबिक ग्रुपवर पुन्हा आलाय. चारही सल्ले चुकीचे आहेत.

डर्टी बॉम्ब म्हणजे साध्या स्फोटकाला जोडलेला किरणोत्सर्गी पदार्थ. तो अणुबॉम्ब नव्हे. त्यात सीझियम-१३७ किंवा कोबाल्ट-६० असण्याची शक्यता जास्त. (२०१० साली दिल्लीत मायापुरीच्या भंगारात कोबाल्टच सापडलं होतं, एकाचा जीव गेला.) आयोडीनची गोळी (पोटॅशियम आयोडाइड) गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून वाचवते, म्हणून ती अणुभट्टीच्या अपघातात कामाची. सीझियम, कोबाल्टपुढे तिचा उपयोग शून्य.

मिठाचा हिशेब तर करून बघा. प्रौढाच्या १३० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १०० मिलिग्रॅम आयोडीन असतं. किलोभर मिठात १५ ते ३०. म्हणजे एका गोळीसाठी तीन किलोंहून जास्त मीठ खावं लागेल! जपानमधल्या फुकुशिमा अणुभट्टीच्या अपघातानंतर २०११मध्ये चीनमध्ये मिठासाठी झुंबड उडाली, ती अशाच अफवेने. बीटाडीन जखमेसाठी आहे. मानेला लावून थायरॉईडचं रक्षण होत नाही, आणि पोटात गेलं तर अपाय होतो.

शहर सोडून पळायचंही नाही. धोका धुळीचा असतो आणि रस्त्यावर तीच अंगावर येते. जवळच्या पक्क्या इमारतीत शिरा, खिडक्या, पंखे, एसी बंद करा. वरचे कपडे हळूच काढून पिशवीत बांधा. बहुतेक धूळ तिथेच जाते. मग साबण लावून आंघोळ.

‘बाधितांच्या जवळ जाऊ नका’ हा शेवटचा सल्ला मला सर्वांत जास्त टोचतो. ब्राझीलमध्ये गोयानियात १९८७ साली बंद पडलेल्या दवाखान्यातलं सीझियम भंगारात गेलं. १,१२,००० लोकांची तपासणी झाली, २४९ जण बाधित निघाले, चौघे दगावले. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. तिला शिशाच्या अस्तराच्या शवपेटीत पुरायला नेलं, तेव्हा जमावाने दफनाला विरोध करत दगड मारले. शहरातल्या निरोगी माणसांनाही बाहेरगावी हॉटेलात जागा मिळेना.

जखमी माणसाचं रक्त आधी थांबवा, धूळ नंतर. तोंडाला रुमाल, हातात मोजे घाला आणि त्याचे वरचे कपडे उतरवा. एवढं केलं की मदत करणाऱ्याला त्याच्यापासून फारसा धोका उरत नाही.