मिळालं की लागलं?

स्वीडनला येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. ऑफिसात दुपारच्या कॉफीला एक सहकारी दिसला नाही म्हणून सहज विचारलं. उत्तर आलं, "हान फिक गो." माझ्या डोक्यात 'फिक' म्हणजे 'मिळालं' आणि 'गो' म्हणजे 'जाणं'. अरे वा, याला आज लवकर घरी जायला मिळालं! मी हसत म्हणालो, "नशीबवान आहे बुवा." टेबलावर एकदम चिडीचूप. मग एकीने हळूच सांगितलं, त्याला नोकरीवरून काढलंय.

तर हे क्रियापद म्हणजे 'फो'. स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश तिन्हींत लिहायला सारखंच: एफ, आणि डोक्यावर बारीक कडं घेतलेला ए. वर्तमानकाळात 'फोर', भूतकाळात 'फिक'. पत्र आलं तरी फो, मूल झालं तरी फो, घसा दुखायला लागला तरी फो. "फोर याग कॉमा इन?" म्हणजे "आत येऊ का?" आणि "दू फोर व्हेंता" म्हणजे "तुला थांबावं लागेल." परवानगी द्यायलाही तेच आणि अडवून ठेवायलाही तेच!

मला अ‍ॅपने शिकवलं होतं, फो म्हणजे 'गेट'. तिथेच घोळ झाला. आपण मराठी माणसं कुठलीही तिसरी भाषा इंग्रजीचं बोट धरून शिकायला जातो, घरच्या भाषेला विचारतच नाही. "याग फिक गो" हे वाक्य घ्या. घरच्यांनी सोडलं म्हणून सिनेमाला जायला मिळालं, की साहेबांनी बोलावलं म्हणून रविवारी जावं लागलं? स्वीडिश माणूस ते संदर्भावरून ओळखतो. मराठीत क्रियापदच बदलतं. मिळणं आणि लागणं, या दोघांच्या मधे फो बसलेलं आहे हे मला पहिल्या आठवड्यात कुणी सांगितलं असतं, तर त्या टेबलावर शोभा झाली नसती.

आणखी एक गंमत. मिळो वा लागो, मराठीत आपण 'मला' म्हणतो. स्वीडिशमध्ये मात्र 'याग', म्हणजे चक्क 'मी'. आता या वाक्यातला मी करतो काय? काहीच नाही. कुणीतरी देतं, कुणीतरी सोडतं, कुणीतरी भाग पाडतं. तरी कर्त्याची खुर्ची त्याचीच.

ती खुर्ची जुन्या काळची आहे. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे या तिन्ही भाषांच्या पूर्वज भाषेत, हे क्रियापद 'फा' होतं, आणि त्याच्याही आधीच्या जर्मानिक (जर्मन, इंग्रजी आणि या भाषांचं मूळ कुळ) रूपाचा अर्थ होता 'पकडणे'. जर्मनमधलं 'फांगेन' आजही पकडतंच. स्वीडिशमध्ये कैद्याला 'फोंगे' म्हणतात आणि तुरुंगाला 'फेंगेल्से', ही सगळी एकाच घरची मंडळी. पकडलं, म्हणजे हाती आलं. हाती आलं, म्हणजे मिळालं. करायला मिळालं ती झाली मोकळीक, आणि वाट्याला आलंच आहे तर करणं भाग. निघाला होता शिकारीला, अडकला स्वतःच.

अडकला म्हणजे अक्षरशः. अभ्यासक या धातूचं नातं संस्कृत 'पाश'शी जोडतात, ज्याचा आपल्याकडे 'फास' झाला. संस्कृतात जिथे प, तिथे यांच्याकडे फ: पाद–फूत, पञ्च–फेम, पशु–फॅ. हा नियम याकोब ग्रिम या जर्मन भाषापंडिताच्या नावाने ओळखला जातो, पण त्याच्या आधी, १८१८ मध्ये छापलेल्या ग्रंथात, रास्मुस रास्क या डॅनिश पंडिताने तो ओळखला होता. हाच रास्क १८२० मध्ये इराणमार्गे आपल्या मुंबईत आला होता, पारशांच्या अवेस्ता पोथ्यांच्या शोधात! (आता कृपा करून कुणी "बघा, सगळं संस्कृतातूनच गेलं" असं खाली लिहू नका. पाश आणि फो एकमेकांचे भाऊबंद आहेत, बापलेक नव्हेत.)

शेजारी गेलात तर वेगळाच गोंधळ. 'मो' हे छोटंसं क्रियापद डॅनिश माणूस परवानगीसाठी सर्रास वापरतो, नॉर्वेजियन माणूस सक्तीसाठी, आणि स्वीडिश माणूस त्याच शब्दाने तुमची तब्येत विचारतो.

इथल्या मुलांचं एक कोडं आहे. 'फोर' म्हणजे मेंढीसुद्धा, आणि मेंढ्यांचं अनेकवचनही फोरच. म्हणून: "फोर फोर फोर? नेय, फोर फोर इन्ते फोर, फोर फोर लम्म." मेंढ्यांना मेंढ्या होतात का? नाही, मेंढ्यांना कोकरं होतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, समोरच्याची गाडी चालू होत नाहीये.

सक्तीसाठी स्वीडिशमध्ये 'मोस्ते' हा खणखणीत शब्द आहे, पण काउंटरवरची माणसं तो टाळतात. फोर म्हटलं की सक्ती जरा मऊ होते, आपल्याकडच्या "थांबावं लागेल हं" मधल्या 'हं'सारखी. सुरुवातीला मी दवाखान्यात "दू फोर व्हेंता" ऐकून आनंदाने "ताक, ताक" असे आभार मानायचो. आता मुकाट्याने खुर्ची शोधतो.