पोचा तळहाताएवढा, एस्टिमेट चौतीस हजारांचं

दुपारपासून डोकं तापलंय. लिहून टाकल्याशिवाय झोप लागणार नाही.

मंगळवारी आमच्या सोसायटीच्या गेटमध्ये पाण्याचा टँकर मागे घेताना त्याचा कोपरा आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या दरवाज्याला लागला. पोचा पडला. माझ्या तळहाताएवढा. रंगाला तडा नाही, दरवाजा नीट उघडतो-लागतो, काच वरखाली होते. आज गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या मुलाने मोबाइलवर दोन फोटो काढले आणि म्हणाला, "मॅडम, डोअर रिप्लेस करावं लागेल." पत्र्याला हातसुद्धा लावला नाही!

एस्टिमेट वाचा. दरवाज्याचा नुसता पत्रा १३,४००. तो रंगाशिवाय येतो, म्हणून रंगाचे ५,८००. नवा रंग शेजारी वेगळा दिसू नये म्हणून मागच्या पॅनललाही रंग, ४,२००. जुन्या दरवाज्यातली काच, लॉक, वायरिंग काढून नव्यात बसवायची मजुरी ३,६००. बीडिंग, क्लिपा, पट्टी १,९००. वर १८ टक्के जीएसटी. एकूण ३४,१०२. गाडी सात वर्षांची आहे.

माझे बाबा टॅक्सी चालवायचे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. काळीपिवळी पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. १९९१ च्या पावसाळ्यात सायनला एका ट्रकने तिचा पुढचा फेंडर चेपला. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई गेली. बाबा रात्रीच तिला कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीत घेऊन गेले आणि मी हट्टाने सोबत गेले. चौथीत होते. तिथला मिस्त्री, बाबा त्याला उस्ताद म्हणायचे, त्याने टॉर्च माझ्या हातात दिला. आतल्या बाजूने लोखंडी ठोकळा धरायचा आणि बाहेरून हातोडीने हलके हलके मारायचं. दोन ठोके, की डोळे मिटून पत्र्यावरून बोटं फिरवायची. पुन्हा दोन ठोके. मी विचारलं, डोळे का मिटता? म्हणाला, "आँख धोखा देती है बेटा, उंगली नहीं देती." पहाटे बाबा टॅक्सी घेऊन धंद्यावर गेले. दीडशे रुपये झाले होते. लांबी, म्हणजे पत्र्यावर थापायची पुट्टी, आणि रंग पुढच्या रविवारी.

आज त्या मुलाला मी तेच विचारलं, हा पोचा ठोकून निघणार नाही का? त्याचं उत्तर, "आम्ही पॅनल रिपेअर करत नाही, रिप्लेसच करतो." पुढचं ऐका. "क्लेम टाका ना मॅडम, तुमच्या खिशातून थोडीच जाणार आहेत!"

इथे माझा आवाज चढला. कुणाच्या खिशातून जाणार आहेत मग? पाच वर्षांवरच्या गाडीला विमा कंपनी पत्र्याच्या किमतीवर ४० टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची वजावट, कापते, म्हणजे नुसत्या दरवाज्यावरच ५,३६० माझे. रबर-प्लास्टिकचे निम्मे माझे. रंगाच्या सामानातले निम्मे माझे. शिवाय क्लेम केला की स्वतः भरायचे सक्तीचे हजार. आणि पाच वर्षं एकही क्लेम न करता मिळवलेला ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातली सूट, शून्यावर येणार. "क्लेम टाका" या दोन शब्दांनी गिऱ्हाइकाचं तोंड बंद होतं आणि किंमत कुणी विचारतच नाही. विमा देतोय ना, मग १३ काय आणि २३ काय!

आणि म्हणे गाडीच्या कंपनीचाच पत्रा हवा. बरं, तोच हवा. मग तो गल्लीतल्या मिस्त्रीला सरळ का मिळत नाही? २०१४ साली बाजारातल्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या स्पर्धा आयोगाने याच कारणासाठी, सुटे भाग खुल्या बाजारात येऊ देत नाहीत म्हणून, १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता. मग प्रकरण अपिलात, कोर्टात गेलं. त्यालाही आता किती वर्षं झाली. माझ्या हातातलं एस्टिमेट मात्र आजचं आहे.

हो, पिलर वाकला असेल, चासीला मार बसला असेल, तर हातोडी नको, बदलाच. जिवाशी खेळ नाही. सर्व्हिस सेंटरच्या बंद बूथमधला रंग गल्लीतल्या रंगापेक्षा जास्त टिकतो, हेही मान्य. पण हा पोचा आहे हो, पोचा! दरवाज्याच्या मधोमध.

निघताना विचारलं, दरवाजा बदलला तर जुना मला देणार का? म्हणाला, "तो स्क्रॅपला जातो." काच धरणारा, पाणी आत न येऊ देणारा, सात वर्षं माझ्या मुलीने उघडला-लावलेला चांगला दरवाजा. तळहाताएवढ्या खड्ड्यासाठी भंगारात.

जेवून आल्यावर आता थोडी शांत झालेय. त्या मुलावर राग नाही माझा. पंचविशीतला असेल. मी ओरडले तेव्हा त्याने पाणी आणून दिलं आणि हळूच म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे ठोकणारं कुणी ठेवलंच नाहीये." पत्र्याचा पोचा निघताना त्याने बहुतेक कधी पाहिलाच नसेल. त्याच्या हातात कुणी टॉर्च दिलाच नाही. त्याच्यावर ओरडायला नको होतं.

३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली. बाबा तेव्हा नव्हते. त्या दिवशी मला टॅक्सीआधी उस्तादचीच आठवण झाली, त्याच्या त्या मिटलेल्या डोळ्यांची. त्या रात्री बाबा पैसे द्यायला लागले तर त्याने आधी मला फेंडरवरून हात फिरवायला लावला. "बोल, किधर लगा था?" मला सापडलं नाही. मग त्याने पैसे घेतले.

चौतीस हजार मी देणार नाही. नाहीच देणार. गाडी खाली उभी आहे, पोच्यासकट.

उस्तादचं दुकान आता त्या गल्लीत नाही, मी मागेच बघून आलेय. कुर्ला, सायन, चेंबूर, विक्रोळी, कुठेही चालेल, हाताने पत्रा काढणारा मिस्त्री कुणाला माहीत असेल तर नंबर इनबॉक्समध्ये टाका. लांबी थापून वर रंग मारणारा नको. आतून ठोकळा लावून काढणारा हवा. रविवारी सकाळीच निघेन म्हणते, मुलीलाही घेऊन जाणार आहे.