नवं-जुनं

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लेक पुण्याहून आली आणि दुसऱ्याच दिवशी वही-पेन हातात देऊन तिनं मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

"पप्पा, संकल्प-बिंकल्प नंतर. आधी गेल्या वर्षाचा रिव्ह्यू. एकेक महिना घ्यायचा, दोन रकाने पाडायचे. कशानं बरं वाटलं आणि कशानं डोक्याला ताप झाला. पुढच्या वर्षी पहिल्यातलं वाढवायचं, दुसऱ्यातलं कमी करायचं. मी दरवर्षी करतो."

(पुण्यात आठ वर्षं झाली, तरी घरात पाऊल टाकलं की ती "करतो"च म्हणते. कोल्हापूरच्या पोरींचं असंच असतं. मध्येच ऑफिसचा फोन आला की "करते", फोन ठेवला की पुन्हा "करतो". मला हे पहिल्या रकान्यात घालायचं होतं, पण ती म्हणाली, महिना सांगा.)

आता मी एकतीस वर्षं सहकारी बँकेच्या वसुली खात्यात काढलेला माणूस. वर्ष कसं गेलं, हे दुसऱ्याला विचारण्यातच माझी हयात गेली. थकबाकीदार समोर बसला की काय करतो, ते मला पाठ आहे. आधी नजर पंख्याकडे, मग हात टोपीकडे, मग "साहेब, औंदा ऊस उशिरा गेला." त्या दिवशी मी वहीपुढं बसलो, पंख्याकडं पाहिलं, हात डोक्याकडं गेला. टोपी नव्हती. ऊसही नव्हता.

पुरावा म्हणून डायरी काढली. १ जानेवारी : "रोज पहाटे ५ वा. रंकाळा. कंबर ३८ वरून ३४." अक्षर झकास. अशा नोंदी ९ जानेवारीपर्यंत. पुढं कोरं. मार्चमध्ये एका पानावर भिशीचा हिशेब आणि कुणाचा तरी मोबाइल नंबर, नाव न लिहिलेला. बँकेत हप्ता थकून ९० दिवस झाले की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत जातं. मी नऊ दिवसांत गेलो होतो.

यात माझा दोष कमी आणि भूगोलाचा जास्त. उत्तरेश्वर पेठेतून रंकाळ्याला निघालं की वाटेत गंगावेस लागते, आणि गंगावेशीत दूध कट्टा. समोर म्हैस उभी, समोर धार काढणं चाललेलं, हातात फेसाळता पेला. पहाटे घाम गाळायला निघालेल्या माणसाला तिथून सरळ पुढं जायचं, म्हणजे पोलीस ठाण्यावरनं हेल्मेट न घालता जाण्यासारखं आहे. कुणी ना कुणी हाक मारतंच. "काय भावा, चाललास कुठं? ये की!" पेला रिचवला की चालायचं बळ येतं हे खरं, पण ते बळ मिसळीच्या दिशेनं येतं. नवव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी आठवडाभर रंकाळा पाहिलेलाच नाही.

लेकीनं मग फोटो काढायला सांगितले. फोनमध्ये दोन हजारांवर फोटो. त्यात निम्मे गुलाबाची फुलं आणि "शुभ सकाळ". उरलेल्यांत विजेचं मीटर, गोळ्यांच्या पट्ट्या आणि माझा अंगठा. अंगठ्याचं वर्ष एकंदर बरं गेलं असावं.

शेवटी मी माळ्यावरचा डायऱ्यांचा गठ्ठा खाली घेतला. तिथं मात्र घात झाला. २०१६ च्या १ जानेवारीला तेच वाक्य. २०१८ ला तेच. मध्ये २०२० ला रंकाळ्याऐवजी पन्हाळा आहे, कारण त्या वर्षी जरा चढलो होतो. लक्ष्य दरवर्षी ३४ च. सुरुवातीचा आकडा तेवढा ३५, ३६, ३७ असा सरकत आलेला. मुद्दल तेच, व्याज कंबरेला.

याला आमच्याकडं नवं-जुनं म्हणतात. मार्चअखेरीला सोसायटीचं कर्ज थकलेलं असतं. माणूस कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी हातउसने आणतो, जुनं खातं भरतो, आणि लगेच नवं कर्ज उचलून उसने फेडतो. कागद बघाल तर जुनं कर्ज संपलं, नवं सुरू झालं. साखर वाटा. शिवारात काही फरक नाही. अशी नवी-जुनी करणाऱ्यांकडं मी उभ्या जन्मात कसल्या नजरेनं पाहिलं, ते आठवून त्या क्षणी मला घाम फुटला. रंकाळ्यावर फुटला नव्हता तेवढा.

"पप्पा, कॅलेंडर बघा," लेक म्हणाली. तिला म्हणायचं होतं फोनमधलं. मी उठून स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढून आणलं.

हे कालनिर्णय माझं नव्हे, हिचं. फ्रिजशेजारच्या खिळ्यावर असतं, दोऱ्यानं बांधलेल्या पेन्सिलीसकट. पंचांग, सण, पाककृती हे सगळं छापणाऱ्यांचं. चौकटींमधला मजकूर हिचा. "सि" म्हणजे सिलिंडर लागला. "ख" म्हणजे धुणं-भांड्याच्या मावशींचा खाडा. एक टिंब एक लिटर, अर्धं टिंब अर्धा. आमच्या दूधवाल्यानं गेल्या दिवाळीत वाद घालायचा प्रयत्न केला होता. हिनं फक्त कॅलेंडर खिळ्यावरून काढलं. तो चपला घालू लागला.

जुलै उलटला आणि मी दचकलो. लागोपाठ चार चौकटींत आकडे : ३९, ४०.५, ४१.९, ४३. माझी कंबर! म्हणजे मी झोपल्यावर ही टेप लावून मोजत होती. आणि चार दिवसांत चार इंच? आखाड साजरा केला होता मान्य, तांबडा-पांढराही दोनदा झाला होता, पण पॉइंट नऊ? एवढं अचूक मोजमाप आमच्या शिंप्यानं कधी घेतलं नाही.

"अगं, हे मोजायचं होतं तर सांगायचंस तरी."

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "पंचगंगेची कंबर आहे ती. तुमची नाही."

राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. फुटांत. कोल्हापुरात जुलै लागला की "जेवलास का"च्या आधी "किती फुटावर?" विचारतात. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. २०१९ ला पाणी आमच्या बोळाच्या तोंडापर्यंत आलं, २०२१ ला पुन्हा आलं, तेव्हापासून हिचा शिरस्ता ठरलेला : ३९ ला तांदूळ-डाळीचे डबे माळ्यावर, ४३ ला कागदपत्रांची पिशवी दाराशी आणि शेजारच्या आजींच्या गोळ्या आपल्याकडं. हे मला माहीत नव्हतं. डबे वर कोण चढवतं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पावसाळ्यात आमटी पातळ का होते, एवढा पडला होता.

मग मी कसून तपासायला बसलो. "फु" हे अक्षर वर्षात अकरा वेळा होतं. मी हिशेब लावला : फुटबॉल. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने असले की मी घरात नसतो. पण ऑगस्टमध्ये दोन "फु" निघाले, आणि भर पावसात सामने कुठले? शिवाय प्रत्येक "फु"ला दुधाचं टिंब अर्धंच.

"फुगलेला दिवस," लेकच बोलली. तिला माहीत होतं! "तुम्ही फुगून बसला की चहा घेत नाही ना. म्हणून आई दूध कमी सांगते."

आता राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला आलं की आपोआप उघडतात, कुणी चावी फिरवावी लागत नाही. हिनं हात धुतले, पदराला पुसले आणि पहिल्या दरवाजापासून सुरुवात केली. फेब्रुवारीतला "फु" कशाचा, तर मावसभावाच्या लग्नात मला फेटा उशिरा बांधला. मेमधला, तर आंबे मला न विचारता आणले. ऑगस्टमधला पहिला, तर मी सांगितलेला विनोद पाहुण्यांना आधीच माहीत होता. दुसरा, तर पहिला तिच्या लक्षात आला नाही म्हणून. सातव्या दरवाजापर्यंत लेकीनं माझ्या वहीतला दुसरा रकाना भरून टाकला होता. तिथं "कशानं डोक्याला ताप झाला" असं लिहिलेलं, आणि खाली माझंच नाव अकरा वेळा.

रात्री लेकीनं समजूत काढली. म्हणाली, छोटं ठरवा, हळूहळू वाढवा. ही म्हणाली, किरणोत्सवातसुद्धा मावळतीचं ऊन पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवरच असतं, तोंडावर यायला तिसरा दिवस लागतो. मी म्हटलं, ढग आले तर येतही नाही. दोघी गप्प झाल्या. हे वाक्य मला फार जमलं होतं, पण त्याचं कुणी कौतुक केलं नाही, म्हणून मी लवकर झोपायला गेलो.

१ जानेवारीला सकाळी पाच वाजता उठलो. नवीन डायरी उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि "रोज" एवढं लिहून थांबलो. स्वयंपाकघरात दिवा होता. खिळ्यावर नवं कालनिर्णय आलं होतं, दोरा आणि पेन्सिल जुनीच. जवळ जाऊन पाहिलं. पहिल्या तारखेच्या चौकटीत अर्धं टिंब आणि फिक्या पेन्सिलीनं "फु".

"चहा टाक," मी म्हटलं. "पूर्ण कप."

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग कॅलेंडरकडं. मग खिडकीतून दूधवाल्याला हाक मारली आणि डबा-ड्रॉवर उघडून खोडरबर शोधायला लागली. खोडरबर काही सापडेना.